निवांत पाणी

भाऊबीज आटोपली की आमच्या हुपरीत दोन-चार दिवस ठोकाठोक थांबते. घराघरांतल्या चांदीच्या भट्ट्या विझलेल्या असतात, पैंजणांचे कारागीर उन्हं वर येईपर्यंत झोपतात आणि गल्लीत एकाआड एक दारात धुऊन पुसून गाडी उभी राहते. डिकीत फराळाचे डबे, स्टोव्ह, चटणीची बरणी. समुद्राकडच्या जेवणात तिखट नसतं अशी आमच्याकडं पक्की समजूत आहे, त्यामुळं कोल्हापूरचा माणूस समुद्राला जातानाही चटणी घेऊन जातो. या दारातून त्या दाराला प्रश्न जातो, "कुठं वो?" आणि उत्तर येतं, "कोकणात!" एवढ्या मोठ्यानं, की मागच्या गल्लीतल्यांना वेगळं विचारायला लागू नये.

तो एक शब्द ऐकला की मी दारातून आत येते. आठ वर्षं झाली. पहाटेचं धुकं, उसाच्या ट्रॉल्यांची घरघर, अंगणात विझलेल्या पणत्यांचा तेलकट वास, हे सगळं लोकांना सुट्टीची आठवण करून देतं. मला मात्र वाळूत उभी असलेली मी दिसते. हातात दोन जोड चपला, एक मोठा, एक लहान.

मी जन्माची भित्री. घरात हे लपून राहिलेलं नाही, उलट पाहुण्यांना ओळख करून देताना आधी तेच सांगतात. मोटारसायकलवर मागं बसले की मी नवऱ्याचा शर्ट फाटेल इतका धरते, गॅसची नळी झोपायच्या आधी तीनदा बघते. आणि गंमत म्हणजे मी पोरगी कुणाची, तर गडमुडशिंगीच्या आप्पांची. आप्पा, म्हणजे माझे वडील, पंचगंगेला पूर आला की पुलावरून उडी टाकायचे आणि खालच्या अंगाला कुठंतरी बाहेर निघून चालत घरी यायचे. आमच्या विहिरीत त्यांनी अर्धं गाव पोहायला शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, ढकलायचं, आणि वरून ओरडायचं, "पाय हलीव की रं, पाय काय पूजंला ठेवल्यात?" मलाही एकदा डबा बांधला होता. मी पायरीला अशी चिकटले की डब्यासकट उचलून वर आणावं लागलं. "ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले, "हिला कुठं पाण्यात जायाचंय?" पुढं माझं लग्न हुपरीत झालं. चांदीच्या बारीक कड्या एकीत एक ओवून झाळायच्या, म्हणजे आचेवर सांधायच्या, हे काम हाती आलं. त्यात पाण्याचा संबंध नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते.

तर आठ वर्षांपूर्वीची दिवाळी. सानिका, माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. त्या उन्हाळ्यात तीही आज्जाच्या विहिरीत डबा बांधून पोहली होती आणि आता तिला समुद्र हवा होता. सुनीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मित्राची गाडी मिळवली. आप्पांना गडमुडशिंगीहून घेतलं. आणि मी यादी केली. भित्र्या माणसाला सगळं आधी माहीत लागतं, त्यामुळं मालवणला काय काय बघायचं, कधी बघायचं, कुठं चढायचं आणि कुठं चढायचं नाही, हे मी वहीच्या दोन पानांवर लिहून काढलं होतं. समुद्रातला किल्ला. संध्याकाळचा मासळीचा लिलाव. खडकातली तळी. दीपगृह, जमल्यास. रापण ओढायला मिळते, असंही कुठंतरी वाचलं होतं, तेही लिहिलं. किनाऱ्यावरून मोठं जाळं टाकून दोन्ही बाजूंनी दोरानं ओढतात त्याला रापण म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं.

राधानगरी सोडून फोंडा घाट उतरताना कानात दडे बसले, झाडांचा रंग बदलला आणि हवेला ओलसर, खारट वास आला. सानिका खिडकीतून अर्धी बाहेर. मी तिचा फ्रॉक धरून बसलेले.

आज सांगताना बरं वाटत नाही, पण तो पहिला दिवस फार सुखाचा गेला. किल्ल्याला जाताना होडीत बसायचं तर मी डोळे मिटून बसले, ओलसर वासाचं ते नारिंगी जाकीट छातीशी घट्ट आवळून. सुनील माझ्याकडं बघून हसत होता. आप्पा होडीच्या टोकाला मांडी घालून बसलेले, बैलगाडीत बसावं तसे. किल्ल्यात पोचल्यावर त्यांनी तट बघितला, बुरूज बघितला, पण जीव रमला तो विहिरीपाशी. चहूकडं खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याची विहीर! वाकून वाकून बघत राहिले. ओंजळीत घेऊन चाखलं. "रंजे, साखर हाय साखर! समिंदराच्या पोटात हीर काढलीया, बघ की." मग खुशीत येऊन होडीवाल्याला म्हणाले, "पावणं, तुमचं गाव लई भारी हाय बरं का." खरं तर पावणे आम्ही होतो. होडीवाला नुसता हसला.

संध्याकाळी लिलाव. वाळूवरच माशांचे ढीग, चंदेरी, गुलाबी, काही अजून तोंड उघडमीट करणारे. बायकांचे आवाज आमच्या बाजारातल्या बायकांपेक्षाही खणखणीत, हे बघून मला उगाच धीर आला. मग वडे, कोंबडी, सोलकढी. आप्पांनी सोलकढी तीन वाट्या प्यायली आणि वर चटणीची बरणी मागितली.

आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या मावशी वाढत होत्या. त्यांनी विचारलं, उद्या काय? मी यादी बघून सांगितलं, सकाळी किनाऱ्यावर, रापण. त्या वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "पाण्यात जातलास तर खय उतरूचा ता आधी रापणकारांका इचारा. इचारल्याशिवाय जाव नकात."

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "पाण्यात उतराय कुणाला इचारायचं?" सगळे हसले. सुनील म्हणाला, "मामांना पाणी शिकवायचं म्हंजे कमाल हाय." मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून आहे. आयुष्यभर मी नको तिथं घाबरून लोकांना वैताग दिला, आणि जिथं घाबरायला हवं होतं तिथं चारचौघांत वेडं दिसू नये म्हणून गप्प बसले.

दुसरा दिवस. गावाबाहेरचा किनारा. नाव लिहीत नाही, कारण किनाऱ्याचा काही दोष नव्हता. सकाळचे नऊ वाजले असतील. ऊन कोवळं, वाळू थंड, आणि लांबवर वीस-पंचवीस माणसं दोर धरून ओळीनं उभी. जाळं टाकून होडी परतत होती. सुनील लगेच पळत जाऊन दोराला लागला. कोल्हापूरच्या माणसाला कुठंही जोर लावायला मिळाला की तो सुखी होतो.

आप्पा मात्र पाण्याकडं बघत उभे राहिले. हे त्यांचं नेहमीचं. नदीवरही ते एकदम उतरत नसत, काठावर उभं राहून पाणी वाचायचे. कुठं भोवरा आहे, कुठं ओढ आहे, कुठं डोह निवांत आहे. सानिका हात ओढत होती, पण त्यांनी घाई केली नाही. चांगली दहा मिनिटं बघितलं. डावीकडं लाटा फुटत होत्या, पांढऱ्या, आवाज करत. उजवीकडंही तसंच. आणि दोन्हींच्या मधे एक पट्टा होता, आमच्या गल्लीएवढा रुंद. तिथं लाट फुटतच नव्हती. पाणी गडद, सपाट, उगाच जरा सुरकुतल्यासारखं.

"हितं," आप्पा म्हणाले. "हितं पाणी निवांत हाय."

मला ते पटलं. हे मला सांगितलंच पाहिजे. मला, भित्रीला, ते पटलं. कारण आम्ही नदीची माणसं. खळाळतं पाणी वाईट आणि गप्प पाणी चांगलं, एवढं तर विहिरीत न उतरलेल्या मलाही कळत होतं. समुद्रात ते उलटं असतं, हे आम्हाला कोण सांगणार? लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं सगळं पाणी परत आत जाताना जी वाट धरतं, ती वाट वरून अशी निवांत दिसते. तो डोह नव्हता, पाण्याचा परतायचा रस्ता होता. सांगणारे होते, शंभर पावलांवर दोर ओढत होते. पण आम्ही विचारलं नाही.

आप्पांनी चपला काढल्या, सानिकानं काढल्या, मी उचलल्या. गुडघ्याएवढं पाणी, कमरेएवढं, आज्जाच्या हातात तिचा हात. ती वळून ओरडली, "आई, बघ की!" मी हात हलवला. दुसऱ्यांदा हात हलवला तेव्हा ती फार लहान दिसायला लागली होती.

आधी मला वाटलं, पोहतायत. इतक्या लवकर इतकं लांब? आप्पा पोहणारच. मग आप्पांचा हात वर आला आणि पडला, वर आला आणि पडला, तोंड माझ्याकडं, सरळ माझ्याकडं, आणि ते माझ्यापासून लांब लांब जात होते. नदीत माणूस काठाकडं तोंड करून हात मारतो आणि काठ जवळ येतो. इथं काठ येत नव्हता. आप्पांच्या एका हातात सानिका होती आणि एकाच हातानं ते साऱ्या पाण्याच्या विरुद्ध पोहत होते. सदुसष्ट वर्षांचे आप्पा.

भीती म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. त्याआधी ज्याला मी भीती म्हणत होते ती नुसती काळजी होती. ही वेगळी. हिच्यात आवाज बंद होतात. लाटांचा आवाज मला येईनासा झाला. पायाखालची वाळू पाण्याबरोबर सरकत होती, मी गुडघ्यापर्यंत आत गेले होते आणि पुढचं पाऊल पडत नव्हतं. मला पोहता येत नव्हतं, आणि तिकडं माझं सगळं होतं. बाप आणि लेक, दोन काळी डोकी. त्यातलं लहान डोकं एकदा पाण्याखाली गेलं, परत वर आलं.

तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटला. मी काय ओरडावं, हे मी ठरवलं नव्हतं.

"आप्पा, तिला सोडू नका! आप्पाऽ, सोडू नका तिला!"

मागून कुणीतरी धावत आलं. रापणीतला एक म्हातारा, कमरेला पंचा, हात तोंडाशी धरून तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता, "सरळ येव नकात! आडवे जावा, आडवे!" आणि वळून होडीवाल्यांना हातानं दाखवत होता. होडी वळली. आप्पांचं डोकं बाजूला कलंडलेलं दिसलं, बुडाले की काठाला धरून आडवे वळले ते समजेना. मग होडी मधे आली आणि मला काहीच दिसेनासं झालं. त्यानंतर किती वेळ गेला, ते मला सांगता येणार नाही. सुनील माझ्या शेजारी येऊन उभा होता, त्याच्या तळहातांना दोरानं रक्त आलेलं होतं, आणि आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो.

दोघांनाही आणलं. सानिका रडत होती. रडण्याचा आवाज इतका गोड असतो, हे मला माहीत नव्हतं. आप्पांना वाळूत पालथं घातलं, त्यांच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग श्वास. डोळे उघडून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान फिरवली.

ती फिरवलेली मान मी आठ वर्षं वागवली.

उरलेली यादी तशीच ठेवून आम्ही घाट चढलो. पुढच्या उन्हाळ्यात गावातली पोरं डबे घेऊन आली तर आप्पा म्हणाले, गुडघे दुखत्यात. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही गुडघे. मग पोरं यायची थांबली. विहिरीत शेवाळ साचलं. मी माहेरी गेले की आप्पा दोन शब्द बोलायचे आणि गोठ्यात निघून जायचे. मला वाटायचं, मला कारण माहीत आहे. बाप बुडत होता आणि लेक काठावरून ओरडली ती दुसऱ्याच कुणासाठी. "आप्पा, या" असं मी एकदाही म्हटलं नाही. म्हाताऱ्यानं ते ऐकलं, आणि आपण कुठल्या नंबरावर आहोत ते त्याला कळलं. मला विचारायची भीती वाटायची. कड्या झाळताना मधेच हात थांबायचा. सासूबाई विचारायच्या, काय झालं? मी म्हणायचे, धूर गेला डोळ्यात.

सानिकाला मात्र पाण्यानं सोडलं नाही. कोल्हापुरात तलावावर जाऊन रीतसर शिकली, माझ्या नाकावर टिच्चून. मी बंदी घातली, अबोला धरला, एकदा तिचा पोहण्याचा पोशाख माळ्यावर लपवला. ती म्हणाली, "आई, मी पाण्याला न्हाय भीत, तुला भितो." आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल असंच बोलतात, जातो, येतो, भितो. ऐकणाऱ्याला वाटावं मुलगाच बोलतोय. यंदा सतरा वर्षांची झाली आणि दिवाळीआधी तिनं जाहीर केलं, "मालवणला जायाचं. पाण्याखाली जाऊन मासे बघायचेत. मी विचारत न्हाय, सांगतोय."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर फोनवरून आप्पांचा आवाज आला. तिनं फोन आधीच लावून ठेवला होता. "मीबी येतो," आप्पा म्हणाले. मी चटणीची बरणी भरायला घेतली.

असे आम्ही गेल्या आठवड्यात परत तिथं होतो. किल्ला लांबून बघितला, लिलाव बघितला, सोलकढी प्यायलो, आप्पांनी एकच वाटी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच किनाऱ्यावर. उतरल्या उतरल्या सानिका आधी रापणकारांकडं गेली. बराच वेळ बोलत होती, हातवारे करून विचारत होती, एकानं तिला वाळूत काठीनं रेघा काढून दाखवल्या. मग जाकीट आणि पाण्यात बघायचा चष्मा घालून, एका शिकवणाऱ्या बाईंबरोबर, लाटा फुटत होत्या त्या बाजूनं ती आत गेली. सुनील चहा आणायला गेला. वाळूवर मी आणि आप्पा.

मी पापणी न हलवता तिच्या पिवळ्या टोपीकडं बघत होते. टोपी लाटेमागं गेली की माझा श्वास थांबायचा, दिसली की सुटायचा.

"रंजे," आप्पा म्हणाले. "त्या दिशी तू वरडलीस."

टोपीवरची नजर न काढता मी म्हणाले, "ऐकू आलं होतं?"

"आलतं की. पाण्यावरनं आवाज लई लांब जातोय."

"आप्पा, मी तुम्हाला या म्हणाले नाही. माझं चुकलं. मला..."

"ऐक," ते म्हणाले. "मला बोलू दे, मग जमायचं न्हाय." मग हळू आवाजात, आप्पांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता, म्हणाले, "मी सोडीत हुतो तिला. हात भरून आलता. एकट्याला जमंल, आसं वाटाय लागलं. दोन बोटं सोडलीबी हुती, रंजे. जीव लई वंगाळ आसतोय. आन् तवर तू वरडलीस, सोडू नका."

पिवळी टोपी लाटेमागं गेली.

"मला वाटलं, तुला हितनं दिसलं. माझी बोटं दिसली तुला, म्हणून वरडलीस. आठ वर्सं तुझ्या तोंडाकडं बघाय धीर झाला न्हाय." मग त्यांनी विचारलं, "दिसलं हुतं?"

सानिका पाण्यात असताना मी पहिल्यांदाच समुद्रावरची नजर काढली आणि बापाकडं वळून बघितलं. विहिरीच्या काठावर उभा राहून गावाला दरडावणारा माणूस माझ्या उत्तराला भीत होता.

"नाही आप्पा," मी म्हणाले. "नुसती दोन डोकी दिसत होती."

आप्पा वाळूत बोटं रोवून बसून राहिले. माझ्या आत काय काय चाललं होतं, ते मला नीट लिहिता येणार नाही. राग होता का? एक क्षणभर होता, फार मोठा होता. दोन बोटं. माझी पोरगी उरलेल्या बोटांवर होती. आणि त्याच वेळी मला माझाच पाय आठवत होता, गुडघाभर पाण्यात रुतलेला, पुढं न पडलेला.

सानिका बाहेर आली ती नखशिखांत निथळत, हसत, धापा टाकत. मासे, निळे मासे, असं काहीबाही सांगत होती. मग आज्जासमोर उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. "आज्जा, ऊठ की. नुसतं पाय भिजवूया. मी हाय की."

आप्पांनी त्या हाताकडं बघितलं. उचललेला आपला हात मधेच थांबवला आणि माझ्याकडं वळले.

"धरू?" त्यांनी मला विचारलं.

पाणी तेच होतं, बापही तोच.

"धरा," मी म्हणाले. त्यांचा दुसरा हात मी धरला, आणि आम्ही तिघं पाण्याकडं निघालो.